नाव ओळीवर राहीना

ऑकलंड, न्यूझीलंड
14 जुलै

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारले होते की, नाव आपली आपण चालवणारे यंत्र असते तर तुझे तिथे काम काय? मी सांगायला लागलो आणि नेहमीप्रमाणे रेंज गेली. आमचे घड्याळ या दिवसांत तुमच्यापेक्षा साडेसहा तास पुढे असल्यामुळे, पुन्हा फोन लागला तेव्हा इथे रात्र झालेली होती आणि तुम्ही दुपारचे जेवण आटोपून वावरात गेला होतात. म्हणून सविस्तर लिहीत आहे. धाकट्याने वाचून दाखवावे. आयटीआयच्या त्याच्या वहीत हे बहुधा नसेल.

गेल्या आठवड्यात एका शिडाच्या नावेने मला चार दिवस गुंतवून ठेवले. ही नाव सुमारे 40 फूट लांब आहे आणि मालक निवृत्त गृहस्थ आहेत. तिच्यावर दोन यंत्रे आहेत. एक ऑटोपायलट, म्हणजे होकायंत्र पाहून सुकाणू फिरवणारी मोटार आणि तिचा मेंदू असलेली पेटी. दुसरा चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा, ज्यावर उपग्रहांच्या आधाराने नाव आत्ता कुठे आहे ते दिसते. ऑटोपायलट एकटा असला की नाकाची दिशा तेवढी धरून ठेवतो. वारा किंवा भरतीचे पाणी नावेला आडवे ढकलत असेल तर ते त्याला कळत नाही. पैनगंगेवरचा डोंगा आठवा. नवखा माणूस समोरच्या घाटाकडे तोंड धरून निघायचा आणि धारेने वाहत जाऊन खालच्या बाभळींना लागायचा. भोई मात्र धारेच्या वरच्या अंगाला तोंड धरी आणि डोंगा नेमका पायऱ्यांशी आणून लावी. चार्टप्लॉटर जोडला की ऑटोपायलटला ही भोयाची नजर मिळते: ठरवलेल्या ओळीपासून आपण किती सरकलो, कोणत्या बाजूला सरकलो आणि पुढचा मुक्काम कोणत्या दिशेला आहे, हे त्याला दर सेकंदाला एका तारेवरून कळत राहते.

या तारेवरच्या भाषेला एनएमईए 0183 म्हणतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी छोटी छोटी वाक्ये असतात. त्यातले एपीबी नावाचे वाक्य खास ऑटोपायलटसाठी आहे. वेग सेकंदाला 4800 बिट, म्हणजे आजच्या मोबाइलपुढे बैलगाडीच, पण एवढ्या बोलण्याला तो पुरतो. धाकट्याने एक लक्षात ठेवावे की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडावे लागते आणि त्याच्या जोडीला मायनसची तारही लागते, कारण आलेला सिग्नल किती व्होल्टचा आहे हे ऐकणारा त्या मायनसवरूनच मोजतो. सगळे दुखणे पुढे याच तारेत निघाले.

मालकांची तक्रार अशी होती की धक्क्याला बांधलेल्या नावेत सर्व ठीक चालते, पण खुल्या पाण्यात ओळ धरायला लावले की दहा-पंधरा मिनिटांत ऑटोपायलट 'डेटा नाही' असा गजर करतो आणि ओळ सोडून देतो. प्लॉटरवर मार्ग सुरू केलेला नसेल तर एपीबी वाक्य निघतच नाही, म्हणून आधी ते पाहिले. मार्ग सुरू होता. होकायंत्राशेजारच्या कप्प्यात पान्यांची लोखंडी पेटी होती, ती हलवली, कारण लोखंडाने सुई फसते. फरक पडला नाही. मग माझा धीर सुटला. सिग्नलची तार नवी टाकली, प्लॉटरची सगळी सेटिंग पुसून त्याला कारखान्यातून आल्यासारखा कोरा केला, आणि धक्क्यावरच चाचणी घेऊन 'झाले' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला की गजर कालच्यासारखाच वाजतो आहे.

तेव्हा मी स्वतः त्यांच्यासोबत रांगितोतो बेटाच्या दिशेने गेलो आणि हात न लावता तासभर नुसता बसून पाहत राहिलो. गजर वाटेल तेव्हा होत नव्हता. वाऱ्याचा झोत येऊन नाव कलली आणि सुकाणूची मोटार कण्हू लागली की तेवढ्यात होत होता. मला आपल्या विहिरीवरची खोली आठवली. मोटार सुरू केली की खोलीतला बल्ब मंद व्हायचा आणि तुम्ही म्हणायचे, कुठेतरी जोड ढिला आहे, डीपीला उगीच शिव्या देऊ नका. मी मल्टिमीटरचे एक टोक प्लॉटरच्या मायनसला आणि दुसरे ऑटोपायलटच्या मायनसला लावले. दोन्ही एकाच बॅटरीला जोडलेले असल्यामुळे आकडा शून्याजवळ हवा, आणि मोटार स्वस्थ असताना तो तसा होताही. मोटार जोर लावू लागली की तो 1.9 व्होल्टवर चढत होता.

म्हणजे मोटारीचा सगळा करंट ज्या मायनसवरून बॅटरीकडे परत जातो, तिथला एक जोड खाऱ्या हवेने हिरवा पडला होता, आणि आधी कोणीतरी तार वाचवण्यासाठी सिग्नलचा मायनसही त्याच स्क्रूखाली दाबला होता. मोटार ओढू लागली की तो मायनसच वर उचलला जाई आणि सिग्नलची उंची मोजायची जमीनच हलल्यामुळे ऑटोपायलटला ते वाक्य वाचता येत नसे. धक्क्याला मात्र सुकाणूवर पाण्याचा दाब नसतो, मोटार हलकी फिरते आणि खराब जोडही चांगला दिसतो. माझी चाचणी म्हणजे रिकामी बंडी ओढून बैलाची ताकद पाहण्यातला प्रकार होता. तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापली, कल्हई केलेल्या तांब्याची तार घालून नवा लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारे तारेचे धातूचे टोक, दाबून बसवला आणि सिग्नलचा मायनस वेगळा काढून थेट प्लॉटरच्या मायनसपर्यंत नेला. पुन्हा समुद्रात गेलो, तेव्हा मोटार पूर्ण जोर लावत असतानाही आकडा 0.05 व्होल्टच्या वर गेला नाही आणि गजरही झाला नाही.

पण नाव ओळीवर येईना. ओळ धरायला लावली की ती आधी चांगली उजवीकडे वळे, मग हळूहळू सावरून ओळीच्या उजव्या अंगाला समांतर चालत राही. वळण मोजले तर सुमारे 20 अंश भरले आणि माझा चेहरा उतरला. आपल्याकडे होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेलाच उभी राहते, पण ऑकलंडला ती खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे 20 अंश सरकलेली असते. प्लॉटर मुक्कामाची दिशा खऱ्या उत्तरेपासून सांगत होता आणि हा जुना ऑटोपायलट आलेला प्रत्येक आकडा सुईच्या उत्तरेपासूनचा समजत होता. मालकांनी ते सेटिंग पूर्वी बरोबर लावलेले होते. पहिल्या दिवशी मी सगळे पुसले, त्यात तेही गेले. हा दुसरा बिघाड माझ्याच हातचा. आपल्या गावाजवळच्या पाण्यात तो कोणाच्या ध्यानातही आला नसता. सेटिंग बदलायला अर्धा मिनिट लागला.

मी मालकांना खरे ते सांगितले आणि पहिल्या दिवसाची मजुरी लावली नाही. माझ्या वरिष्ठांना ते फारसे रुचले नाही, पण मालक हसले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावेचे काम मलाच द्यायचे म्हणाले. नव्या पद्धतीच्या जोडणीत एकाच मुख्य तारेवर सगळी यंत्रे बसतात आणि तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टन्स असावा लागतो. वीज बंद करून मीटर लावला की 60 ओहम दिसले पाहिजेत. धाकट्याने 60 का, ते सोडवून मला कळवावे.

विहिरीवरची मोटार यंदाही बल्ब मंद करत असेल तर वायरमनला व्होल्टेज मोटार चालू असतानाच मोजायला सांगा. तुम्ही पेटीत हात घालू नका. हळद उगवून आली का, तेही लिहा. आईस नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
थोरला