पाटीवर ‘तापास’ लिहिण्याआधी

ग्रानादा

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या नव्या दुकानाच्या पाटीवर ‘तापास’ हे पेयाबरोबर खायच्या छोट्या स्पॅनिश पदार्थांचं नाव लिहावं का, आणि गिऱ्हाइकानं अर्थ विचारला तर काय सांगावं, असं तू विचारलंस. ‘छोटे पदार्थ’ एवढं सांगून मोकळी होऊ नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्पॅनिशमध्ये ‘तापा’ म्हणजे झाकण, मग ते पातेल्याचं असो की डब्याचं. पुस्तकाचा पुठ्ठाही तापाच. ‘तापार’ म्हणजे झाकणं आणि ‘तापास’ हे तापाचं अनेकवचन. कोशकार त्याचं मूळ गॉथिक या जुन्या युरोपीय भाषेतल्या बूच या अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात. इंग्रजीतला नळाचा ‘टॅप’ही त्याच कुळातला. रोमन लिपीत सारखं दिसलं, तरी आपल्या तपाशी त्याचं काही नातं नाही, हे मात्र तुझ्या योगवर्गातल्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेव.

आता झाकण ताटात कसं आलं? इथे स्पेनमध्ये कोणालाही विचार, राजाची गोष्ट ऐकवतील. कोणी म्हणतं, तेराव्या शतकातल्या दहाव्या आल्फोन्सोनं पोटात काही गेल्याशिवाय दारू द्यायची नाही असा हुकूम काढला. कोणी तेराव्या आल्फोन्सोचं नाव घेतं: कादिस या समुद्रकाठच्या शहराजवळ वारा सुटला, पेल्यात वाळू जाऊ नये म्हणून पोऱ्यानं वर हॅमचा काप ठेवला, राजाला तो आवडला. या दोन्ही दंतकथा आहेत. मला त्यांच्यापेक्षा स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातली जुनी नोंद जास्त पटते. १९३०च्या दशकात हा अर्थ कोशात आला तो आंदालुसियाचा, म्हणजे इथल्या दक्षिणेचा बोलीशब्द म्हणून: गुत्त्यांत दारूच्या पेल्यांवर ठेवून देतात ते हॅमचे काप किंवा सॉसेजच्या चकत्या. धूळ आणि माश्यांपासून पेला झाकायचा आणि झाकणच खाऊन टाकायचं. यासाठी राजा कशाला हवा? गल्ल्यावरच्या माणसाला एवढं सुचतंच.

शब्द असा अलीकडचा, पण रीत फार जुनी. सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीच्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात नायकाचा सेवक सांचो याला त्याचा जुना शेजारी रिकोते भेटतो. देशातून हाकलला गेलेला हा माणूस वेश बदलून यात्रेकरूंबरोबर परत आलेला असतो. सगळे गवतावर बसतात. पाव, मीठ, अक्रोड, चीज, चघळण्यापुरती उरलेली हॅमची हाडं, सुकलेली ऑलिव्ह, माशाच्या अंड्यांचं कॅव्हियार असं काय काय मांडतात. प्रत्येकाजवळ दारूची कातडी पखाल असतेच. त्या कॅव्हियारला सर्व्हांतेस तहान जागवणारं म्हणतो. मीना, मला सगळं मर्म इथेच दिसतं. तो घास पोट भरायला नाही, पुढच्या घोटासाठी आणि त्या घोटाबरोबर चालणाऱ्या गप्पांसाठी आहे. आपल्याकडे जेवणात तोंडीलावणं असतं, तसं हे पेल्याचं तोंडीलावणं.

इथे ग्रानादा शहरात ते अजून तसंच आहे. पेय मागितलं की छोटी बशी न मागता येते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा पेला, दुसरी बशी. स्पेनमध्ये सगळीकडे असं नसतं, बऱ्याच शहरांत तापा पैसे देऊन मागवावी लागते. उत्तरेला बास्क लोकांचा शब्दच वेगळा, ‘पिंचो’. तो टोचण्यावरून आला, कारण घास काडीत ओवलेला असतो.

तू ‘पातातास ब्राव्हास’पासून सुरुवात कर. तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि वर तिखट सॉस, आपल्या लोकांना परका वाटणार नाही. शिवाय आपला ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला आणि तो शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्याचा. स्पॅनिश ‘पाताता’तही तोच शब्द आहे, त्यात पेरूकडचा ‘पापा’ मिसळला एवढंच. दोन वाटांनी आलेला बटाटा तुझ्या दुकानात भेटेल.

तेव्हा पाटीवर ‘तापास’ जरूर लिही. पण मग सोलकढी असो की कोकम सरबत, प्रत्येक पेल्याबरोबर काहीतरी न मागता दे. चार शेंगदाणे दिलेस तरी चालतील. ते जमणार नसेल, तर ‘अल्पोपहार’ हा आपला शब्द चांगला आहे, तोच लिही. खर्चाचा हिशोब मांडलास की मला धाड, इथले दुकानदार बशीत काय आणि किती घालतात ते मी नीट बघून कळवते.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
शुभदा