उखळीचा बार काढा, पण आधी उखळी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उत्सवातल्या तोफांच्या सलामीवर आपल्या पेपरात मध्यंतरी पत्रं येत होती, एक जण म्हणतो सरसकट बंदी घाला, दुसरा म्हणतो परंपरेला हात लावाल तर खबरदार, आणि या सगळ्या भांडणात ती उखळी, म्हणजे बंदुकीची दारू ठासून बार काढायची आखूड जाड नळी, बनवली कुणी, कशाची बनवली आणि शेवटची तपासली कधी हे एकानंही विचारलं नाही. मी भोसरीत टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस, मला आधी तोच प्रश्न पडतो.

मुलगा जर्मनीत म्युनिकजवळ राहतो. त्या भागात, म्हणजे बव्हेरियात, सण, लग्न, गावची जत्रा काहीही असो, बंदुकीच्या दारूचे बार काढतात, अगदी आपल्यासारखेच. उभी उखळी असते, चाकाची तोफ असते आणि एक हातात धरायची उखळी असते, तिला ते हांडब्योलर म्हणतात. लाकडी दस्ता, त्यावर आखूड जाड नळी, मागे घोडा आणि त्याच्या ठोक्यानं पेटणारी टोपी. सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपात हँड मॉर्टर नावाचं हत्यार होतं त्याच्याच घराण्यातली ही वाटते, त्यातनं पेटत्या वातीचा बॉम्ब फेकायचे आणि तो नळीतच फुटला तर फेकणाऱ्याचीच वाट लागायची, त्यामुळे सैन्यात ते काही फार रुळलं नाही. आता बऱ्याच देशांत हौशी लोक त्याच्या प्रतिकृती करतात. हांडब्योलरमधनं मात्र काहीच बाहेर पडत नाही, गोळी नाही, छर्रा नाही, दारू आणि वर फार तर एक कॉर्कचं बूच. नुसता आवाज आणि धूर.

पण तो आवाज काढायच्या आधी काय काय करावं लागतं ते ऐका. नळी बनली की सरकारी टेस्टिंग ऑफिसात जाते, तिथं नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून बघतात, टिकली तर नळीवर शिक्का ठोकतात. आणि तो शिक्का कायमचा नाही हां, दर 5 वर्षांनी परत टेस्ट, आपल्या गॅस सिलिंडरवर तारीख असते तसंच. गंमत म्हणजे शिक्क्याची उखळी घरात ठेवायला तिथं बंदुकीसारखं लायसन लागत नाही, लायसन लागतं ते बाराच्या दारूला. त्यासाठी वय 21 पूर्ण पाहिजे, कोर्स करून परीक्षा द्यायची, पोलिसात काही भानगड नाही ना ते बघणार, आणि दारू कशासाठी पाहिजे तेही पटवून द्यायचं. नुसती हौस आहे म्हणून चालत नाही.

बेर्शटेसगाडन म्हणून डोंगरातलं गाव आहे, तिथं 17 डिसेंबरपासून ख्रिसमसपर्यंत रोज दुपारी 3 वाजता बार काढतात. ओळीनं माणसं उभी, पुढे एक जण खूण करतो त्याप्रमाणे एकापाठोपाठ एक नाहीतर सगळ्यांचा एकदम, मधेच कुणी आगाऊपणा केला तर त्याला बाजूला काढतात. मला सगळ्यात आवडलं ते दारू भरणं. प्रत्येकाच्या पट्ट्याला छोट्या छोट्या नळकांड्या, प्रत्येकीत एकाच बाराची दारू आधीच मोजून भरलेली. मोठ्या डब्यातनं थेट नळीत कधीच ओतायची नाही, कारण मागच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत राहिली तर एका बाराची दारू पेटेल, अख्खा डबा नाही. आणि बार निघाला नाही तर? नळीचं तोंड वर ठेवून गप्प उभं राहायचं, नळीत डोकावायचं नाही.

हे डोकावण्याचं मुद्दाम लिहिलं, कारण 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात काय झालं ते आपणच छापलंय. कार्बाइड गन, प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइड आणि पाणी, दीडदोनशे रुपयांत रस्त्यावर मिळत होती. पेटली नाही म्हणून पोरांनी आत बघितलं आणि तेवढ्यात ती उडाली. कितीतरी पोरांचे डोळे गेले. पाइपावर शिक्का नाही, विकणाऱ्याला लायसन नाही, आणि विकणाऱ्यांवर जोरात कारवाई सुरू झाली ती पोरं हॉस्पिटलात गेल्यावर.

आमच्या गावाकडच्या उखळ्याही काही फार वेगळ्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. कुणीतरी वेल्डरकडनं पाइपाला बूड मारून आणतो, वर रंग लावतो, की झाली ऐतिहासिक तोफ. अहो, वेल्डिंग वरनं कितीही गुळगुळीत दिसू दे, आत धरलंय की नाही ते डोळ्याला कळत नाही, आणि फुटतं ते तिथंच. जुनी ओतीव उखळी असेल तर आणखीनच पंचाईत, जळलेल्या दारूची काजळी ओल ओढते, आतनं गंज, गंजानं खड्डे, त्यातनं भेग, आणि वरनं हार घालून कुंकू लावलेलं. त्यात ठासणारा पोरगा जितका जोशात तितकी जास्त दारू, वर माती नाहीतर विटेचा चुरा, म्हणजे दाब आणखी वाढला.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. कोल्हापुरात अंबाबाईची घटस्थापना तोफेच्या सलामीनं होते, ती बंद झाली तर मलाच चुकचुकल्यासारखं होईल. पण घरी हौसेनं उडणारी उखळी बनवायची म्हणाल तर ते आर्म्स ॲक्ट 1959 मध्ये अडकू शकतं आणि दारू आली की एक्स्प्लोझिव्हज ॲक्ट 1884 आलाच, हे शिवजयंतीला व्हिडिओ बघून लेथवर नळ्या काढणाऱ्या पोरांना कुणी सांगतच नाही. कागदावर कायदा आहे पण मंडळानं उखळी तपासायला न्यायची कुठं? स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिस आपल्याच नागपुरात आहे. आपल्या नागपूरच्या वार्ताहरानं तिथं जाऊन एवढं विचारावं की देवस्थानांच्या तोफा आणि उखळ्या दाबाखाली टेस्ट करून त्यावर तारखेचा शिक्का मारायची सोय करता येईल का, आणि नसेल तर का नाही. जे उत्तर मिळेल ते छापा, फोटो लहान टाकला तरी चालेल.

आपला,
एक रिटायर्ड टूलमेकर, चिंचवड