सारसाच्या घरट्यांबाबत सभासदांना सूचना

नमस्कार. भाताची रोवणी आटोपत आली आहे आणि सारस पक्ष्यांच्या जोड्या बांध्यांत (भातखाचरांत) उतरू लागल्या आहेत. निंदणाला जाताना पाण्यात गवत-काड्यांचा मोठा ढीग दिसला, तर तो कचरा समजून उपसू नका. ते घरटं असतं. बहुधा दोन अंडी, उबवायला महिनाभर. तेवढे दिवस भोवतालची जागा सोडून काम करा. मजुरांनाही सकाळीच सांगून ठेवा, कारण ढीग ओढून टाकतात ते बहुतेक अजाणता.

घरट्याच्या बांधीत फवारणी नको. औषधाचे रिकामे डबे बोडीत (छोट्या तळ्यात) धुऊ नका. ते पाणी आपली जनावरंही पितात. बांधीतलं पाणी एकदम काढलं की घरटं उघडं पडतं आणि कुत्री थेट आत शिरतात, म्हणून धुरा (बांध) फोडण्याआधी एकदा बघून घ्या.

फोटो ग्रुपवर टाकायचा तर टाका, पण गट नंबर, ठिकाण नको. नाहीतर हौशी लोक धुऱ्यावर गर्दी करतात, जोडी उठते आणि अंडी कावळ्यांना मोकळी मिळतात. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे.

घरटं दिसल्यास वनरक्षकाला आणि सचिवांना त्याच दिवशी फोन करा.