कुडी शार्प, नथ शार्प, डोळे मात्र नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : ५० मिमी एफ/१.५ रेंजफाइंडर लेन्सचा सरकणारा फोकस, मला न विचारता बदललेली जुळणी आणि त्यापोटी घेतलेले ₹४,८०० परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या सेवा केंद्राकडून माझी लेन्स दुसऱ्यांदा परत आली आहे. चवथीच्या आधी पाठवतो असे सांगितले होते, ती विसर्जनानंतर मिळाली. सोबत एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर एकच ओळ : ‘तपासणी केली, लेन्स स्पेसिफिकेशनच्या आत आहे.’ खाली सही आहे, पण कोणाची ते वाचता येत नाही.

थोडे माझ्या कामाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय माझी चिडचिड आपल्याला समजणार नाही. फोंड्याला आमचा स्टुडिओ आहे, बाबांनी सुरू केलेला. तो पासपोर्ट फोटो आणि लग्नांवर चालतो. माझा जीव मात्र उत्सवी नाटकांत अडकलेला. आमच्याकडे देवळात उत्सव असला, जत्रा असली की मराठी नाटक होतेच. नट गावचेच, शिक्षिका, बँकेतले कारकून, दुकानदार; पालखी फिरून आली की मग पडदा वर जातो. मी फोटो काढते ते रंगपटात. बायका नटत असतात, आरशावर एक बल्ब असतो, कोणी तरी अजून संवाद पाठ करत असते. तिथे फ्लॅश मारणे म्हणजे पाप, आणि मोठ्या कॅमेऱ्याची खटखटसुद्धा नको वाटते. म्हणून रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघत दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा छोटा कॅमेरा, आणि त्या एका बल्बासाठी एफ/१.५ (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या तोंडाचा आकडा; तो लहान तितके तोंड जास्त उघडे). आपली लेन्स मी मुंबईच्या अधिकृत विक्रेत्याकडून पूर्ण किमतीला घेतली. बिल सोबत आहे.

माघातल्या जत्रेच्या नाटकात सुभद्रेचे काम करणारी मुलगी तयार होत होती. दीड मीटरवरून, चेहरा किंचित वळलेला. दोन्ही डोळे शार्प मिळावेत म्हणून मी अ‍ॅपर्चर एफ/२.८ला आणले, रेंजफाइंडरमध्ये डोळ्यावर दोन्ही प्रतिमा जुळवल्या आणि सोळा फोटो काढले. घरी संगणकावर पाहिले तर डोळे मऊ, आणि कानातली कुडी अशी लख्ख की मोती मोजून घ्यावेत. पहिला दोष मी स्वतःलाच दिला. वय झाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मा बदलूनही आणला. पण नंतरच्या नाटकांतही तोच प्रकार. एफ/१.५चे फोटो व्यवस्थित, दिवसा पालखीचे एफ/८चे व्यवस्थित, बिघडायचे ते फक्त मधल्या घरातले.

मग एका दुपारी घराच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. समोर एक मीटरवर ४५ अंशांत तिरकी ठेवलेली लाकडी पट्टी, तिच्या खाली त्या दिवसाचा पेपर. दर वेळी त्याच खुणेवर रेंजफाइंडरने फोकस करायचा आणि अ‍ॅपर्चर एकेक घर बंद करत जायचे. एफ/१.५ला फोकस खुणेवर. एफ/२ला सुमारे एक सेंटिमीटर मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर. एफ/२.८ला चांगला दोन सेंटिमीटर मागे. एफ/४ला त्याहून थोडा मागेच, पण तिथे शार्प दिसणाऱ्या भागाची खोली वाढल्याने फरक झाकला जातो. एफ/५.६पासून पुढे मला फरक दाखवता येत नाही. हीच कसोटी मी तीन वेगवेगळ्या दिवशी केली, आकडे तेच आले.

यानंतर लाइव्ह व्ह्यू लावून, एफ/२.८लाच, लेन्समधून येणारी प्रतिमा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत फोकस केला : अगदी खुणेवर. म्हणजे काचा ठीक आहेत. मग बाबांची जुनी ५० मिमी एफ/२ लेन्स त्याच बॉडीवर चढवली आणि रेंजफाइंडरने फोकस केला : सगळ्या अ‍ॅपर्चरना बरोबर. म्हणजे बॉडीही ठीक आहे. हे सगळे फोटो मी पहिल्या पार्सलसोबत पेन ड्राइव्हवर पाठवले होते. ते कोणी उघडून पाहिले असतील असे मला वाटत नाही, कारण पहिला फोन आला तो असा : ‘मॅडम, तुमचा रेंजफाइंडर कॅलिब्रेट करून घ्यावा लागेल.’

जे मला फोनवर आपल्याच माणसाला समजावून सांगावे लागले, ते इथे पुन्हा लिहिते. या लेन्समध्ये स्फेरिकल अ‍ॅबरेशन बरेच शिल्लक ठेवलेले आहे. म्हणजे भिंगाच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा थोडे आधी, भिंगाच्या जवळ एकत्र येतात. लेन्स पूर्ण उघडी असते तेव्हा या कडेच्या किरणांचा जोर असतो. अ‍ॅपर्चर बंद करत गेलो की तेच किरण कापले जातात आणि उरलेल्या मधल्या किरणांचा फोकस मागे पडतो. फोटोत याचा परिणाम असा की शार्प भाग कॅमेऱ्यापासून दूर सरकतो, डोळ्यावरून कानाकडे. रेंजफाइंडरला यातले काहीच कळत नाही. तो लेन्समधून बघतच नाही, लेन्सच्या मागच्या कॅमवर (फोकस फिरवला की पुढेमागे होणाऱ्या कडेवर) टेकलेल्या एका चाकावरून अंतर घेतो. कॅम एकच, अ‍ॅपर्चर अनेक. त्यामुळे कारखान्यात कोणत्या तरी एकाच अ‍ॅपर्चरला तो जुळवता येतो.

हा दोष आहे असे मी म्हणत नाही. आपलेच माहितीपत्रक सांगते की रचना सोनार नावाच्या जुन्या लेन्सच्या वळणाची आहे. लुडविग बेर्टेले यांनी जर्मनीच्या झाइस कंपनीसाठी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एफ/१.५ची सोनार केली ती सात भिंगांची, पण तीनच गटांत चिकटवलेली. काचेला कोटिंग नव्हते त्या काळात हवेला लागणारे पृष्ठभाग कमी म्हणजे चकाकी कमी, हा त्यातला मोठा फायदा. त्या वळणाच्या लेन्समध्ये चेहऱ्याला येणारा मऊपणा आणि मागच्या दिव्यांची ती विरघळलेली वर्तुळे याच शिल्लक अ‍ॅबरेशनमधून येतात, आणि मी पैसे मोजले तेही त्यासाठीच. आमच्या घरी तर थट्टा चालते की नावच सोनार, तेव्हा कुड्या आणि नथा तेवढ्या नीट दाखवणारच.

नथीचे आता सांगते. जूनच्या धो धो पावसात मी लेन्स आणि बॉडी दोन्ही आपल्याकडे पाठवली. पाच आठवड्यांनी परत आली. बॉडीच्या कागदावर ‘दोष आढळला नाही’, लेन्सच्या कागदावर ‘ऑप्टिमाइझ केली’ आणि बिल ₹४,८००. मी पुन्हा बल्कांवात पट्टी लावली. आता एफ/२.८ला फोकस बरोबर खुणेवर आणि एफ/१.५ला दोन सेंटिमीटर पुढे! म्हणजे आपल्या माणसाने कॅमची जुळणी एफ/१.५वरून उचलून एफ/२.८वर नेली, आणि मला एका शब्दाने विचारले नाही. एक मीटरवर एफ/१.५ला शार्प खोली मिळते ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, तीही जुन्या ढिल्या ठोकताळ्याने. त्यातली निम्मी पुढे, निम्मी मागे. दोन सेंटिमीटर चुकले की डोळा त्या खोलीबाहेर गेलाच. पूर्वी कानातली कुडी शार्प यायची, आता नाकातली नथ शार्प येते. डोळे मला अजून मिळालेले नाहीत.

एफ/२.८ला बरोबर चालणारी लेन्स मला हवी असती तर बाबांची एफ/२ घरात होतीच. जास्तीचे पैसे मी एफ/१.५चे दिले आणि नेमके तेच घर आपण बिघडवून पाठवले. म्हणून ऑगस्टमध्ये लेन्स दुसऱ्यांदा पाठवली. या वेळी चार पानी पत्र, आकड्यांचा तक्ता आणि स्पष्ट विनंती की जुळणी पुन्हा एफ/१.५ला आणावी. त्याचे उत्तर म्हणजे ती एक ओळीची चिठ्ठी. फोन केला तेव्हा सल्ला मिळाला, ‘लाइव्ह व्ह्यू वापरा ना.’ वाकलेली सायकल घेऊन गेल्यावर ‘चालत जा ना’ म्हणावे, तसला हा सल्ला. अंधाऱ्या रंगपटात, हलत्या माणसावर, मागच्या पडद्याकडे डोळे लावून फोकस करायचा असता तर मी रेंजफाइंडर घेतलाच नसता.

सध्या मी काय करते तेही ऐका. एफ/१.५ला डोळ्यावर फोकस जुळवते आणि बटण दाबण्याआधी दोन सेंटिमीटर पुढे झुकते. पूर्वी एफ/२.८ला मागे झुकत होते. नटणाऱ्या बायका हसतात, म्हणतात ताई कॅमेरा घेऊन डोलायला लागली. सवयीने दहातले सहा जमतात. पण ही कसरत ग्राहकाने स्वतः शोधून काढायची, आणि तीही सेवा केंद्राने एकदा दिशा उलटी केल्यावर नव्याने, हे मला मान्य नाही.

माझा राग मुख्यतः गप्प राहण्यावर आहे. आपल्या पेटीतल्या पुस्तिकेत लेन्स कशी पुसावी यावर दीड पान आहे, फोकस सरकण्यावर एक अक्षर नाही. विक्रेत्यालाही माहीत नव्हते. झाइसने आपल्या ५० मिमी सी सोनारबद्दल हे उघडपणे मान्य केले होते आणि जुळणी कोणत्या अ‍ॅपर्चरला हवी हे ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बदलून दिले होते. मला आधी सांगितले असते तरी मी हीच लेन्स घेतली असती, फक्त पहिल्या दिवसापासून पट्टी लावून सराव केला असता आणि सुभद्रेचे ते सोळा फोटो वाया गेले नसते. ती मुलगी आता लग्न होऊन बेळगावला गेली.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : जुळणी एफ/१.५ला, एक मीटरवर, आपल्या खर्चाने पुन्हा करून द्यावी. दोन्ही वेळचे कुरिअर आपल्याकडे. मला न विचारता केलेल्या कामाचे ₹४,८०० परत करावेत. आणि लेन्ससोबत एका कागदावर लिहून द्यावे की जुळणी कोणत्या अ‍ॅपर्चरला केली आहे आणि एफ/२, एफ/२.८, एफ/४ला फोकस किती सरकतो. हे आकडे आपल्या कारखान्यात नक्की असणार. जुळणी जमत नसेल तर लेन्स परत घ्यावी आणि पूर्ण किंमत द्यावी. बदली लेन्स नको, तीही तशीच निघेल.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार ग्राहक राहतो तिथेच करता येते, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या मला पडणार नाहीत, आपल्याला इकडे याव्या लागतील. सोबत बिल, दोन्ही सेवा अहवालांच्या प्रती, ती चिठ्ठी आणि कसोटीचे फोटो पुन्हा एकदा पेन ड्राइव्हवर जोडत आहे. कृपया या वेळी उघडून पाहावेत.

लेन्स परत पाठवाल तेव्हा पेटीत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या घालाव्यात. मागच्या वेळी मी घातलेल्या पुड्या तिकडेच राहिल्या आणि लेन्स दमट फोममध्ये आली. आमच्या हवेत काचेला बुरशी धरायला तेवढे पुरते. माघ शुद्ध पंचमीला कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा आहे. त्याआधी निदान पंधरा दिवस लेन्स माझ्या हातात हवी.

आपली,
एक ग्राहक
फोंडा, गोवा