तुझी पटाशी सापडली

प्रिय मित्रा,

तुझी पटाशी सापडली. पाऊण इंची, शिसवी मुठीची, तुझ्या वडिलांची. जी मी ढापली असं तू चारचौघांत म्हणालास आणि ज्यावरून मी आठ महिने तुझा फोन उचलला नाही, तीच. कुठे सापडली ते ऐकून हसशील. हस, पण पुढचं वाच.

पत्राला उशीर झाला, मान्य. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

तर बोटीचं इंजिन. डाव्या बाजूचा मागचा बोल्ट ढिला व्हायला लागला. आवळावा, दोन फेऱ्या माराव्यात, पुन्हा ढिला. मी जाड वॉशर घातला. मग त्याहून जाड. (तुझा चेहरा दिसतोय मला.) एके दिवशी पाना नुसताच फिरत राहिला आणि बोल्ट चक्क हाताने उपसून वर आला. आट्यांमध्ये ओल्या तंबाखूसारखा काळा भुगा. बोटांनी चोळला तर त्याचं पाणी झालं.

मग हातोडीच्या दांड्याने बेड, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती लाकडं, वाजवत गेलो. पुढे टणटणीत. गिअरबॉक्सच्या बाजूला सरकलो तसा आवाज बद्द होत गेला. इंजिन चेनब्लॉकवर उचललं, ग्राइंडर लावला आणि आपण बेडवर घातलेलं काचेचं फायबर, म्हणजे मी घातलेलं, तू तर भांडून निघून गेला होतास, ते टरफलासारखं एका ओढीत सुटून आलं. आतली बाजू गुळगुळीत. लाकडाचा एक तंतूसुद्धा त्याला चिकटलेला नव्हता. डिझेल मुरलेल्या ओल्या लाकडावर पॉलिएस्टर रेझिन मारलं होतं, दुसरं काय होणार!

आणि मागच्या कोपऱ्यात, बेड आडव्या फ्रेमला भिडतो तिथे, मी मॅट, म्हणजे फायबरची काचधाग्यांची चटई, नीट दाबून न बसवता पुलासारखी आडवी ताणली होती. खाली पोकळी. पोकळीत पाणी. पाण्यात तुझी पटाशी. अंधारात, घाईत, तिच्यावरूनच फायबर मारलं मी! चोर नव्हतो, गाढव होतो. आता तू ठरव यातलं काय बरं ते.

तेव्हा तू म्हणाला होतास, ‘आधी कुजकं काढ, लाकूड वाळव. फायबर म्हणजे औषध नाही, सदरा आहे.’ मी म्हटलं, हवाबंद केलं की कुज मरते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली असली तर बुरशी वाढत नाही, एवढं साधं गणित. मी मात्र ओल आत कोंडून वर झाकण घातलं, आणि बोल्टच्या उघड्या भोकांतून तिला पाणी पुरवत राहिलो.

या वेळी सगळं तुझ्या पद्धतीने केलं. कुज दिसली तिथून वीतभर पुढे कापलं. नवा तुकडा आठास एक उताराचा लांब सांधा करून जोडला. वाळायला किती दिवस लागले विचारू नकोस, मीटरवर बारा टक्के येईपर्यंत हात लावला नाही. रेझिन इपॉक्सीच. मॅट नाही, शिवलेलं जाड कापड. मॅटमधला चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतंच, हे मला आता कळलं. तुला तेव्हाच ठाऊक होतं आणि तू सांगितलं नाहीस, हेही लक्षात आहे. कोपऱ्यांत सिलिका कालवलेल्या इपॉक्सीचा गोल वाटा मारला, गवंडी गच्चीला मारतो तसा, म्हणजे कापड वळणावर ताणून पोकळ राहत नाही. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेला. बोल्टची भोकं दुप्पट मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मधोमध पुन्हा पाडली, आता पाणी लाकडाला शिवणार नाही. वर पोलादी पट्टी.

गंमतही झाली. अर्धा लिटर इपॉक्सी एकदम एकाच उभट डब्यात कालवली. माप अचूक होतं, अक्कल नव्हती. पाच मिनिटांत डबा हातात धरवेना, मग धूर, मग डब्याचं बूड वितळून सगळा गोळा माझ्या चपलेवर. चप्पल आता कायमची जहाजबांधणीच्या साहित्यात जमा आहे. काचेची खाज तीन दिवस गेली नाही.

आता खरं सांगतो, ज्यासाठी पत्र लिहितोय. अगदी तळाशी, हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, चिकटून, दोन बोटं रुंदीची जुन्या लाकडाची पट्टी मी ठेवली. काढायची तर पटाशी हलमध्ये जाईल अशी भीती वाटली. पट्टी काळी आहे. पण टोच्या घुसत नाही, मीटरही बारा दाखवतं. पातळ इपॉक्सी पिईल तेवढी पाजली आणि वरून झाकलं. झाकलं! पुन्हा तेच केलं का रे मी?

बोट पाण्यात सोडून दोन दिवस थांबलो, हलला तिचा आकार घेऊ दिला, मग अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणणं. दोघांना जोडणारं कपलिंग चार इंची, म्हणजे त्याच्या दोन चकत्यांमधल्या फटीत ०.१० मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. माझा आला ०.०५. नाचलो. दहा तास इंजिन चालवून पुन्हा पाहिलं, तर ०.१२. इंजिनाखालची रबरी माउंटिंग नवीन आहेत, ती सुरुवातीला थोडी बसतातच. पण रबर बसलं की लाकूड? रात्री झोप लागत नाही, कानात तो बद्द आवाज येतो. काल तर पलंगाचा पाय वाजवून पाहिला. घरचे म्हणतात एवढं असेल तर मिस्त्री बोलव. मिस्त्री येईल, पट्टी न बघताच ‘टकाटक आहे’ म्हणेल, पैसे घेईल. मला शिव्या घालून खरं सांगणारा माणूस हवाय.

वहिनींचं ऑपरेशन व्यवस्थित झालं हे तिसऱ्याकडून कळलं, तेव्हाच फोन करायला हवा होता. त्यांना नमस्कार. लेकीला नोकरी लागली, छान झालं. बाकी भेटीत.

पटाशी तेलात बुडवून गंज काढलाय. धार लावली नाही, तुझ्याशिवाय कुणाला लावू द्यायची नाही असं तुझे वडील म्हणायचे. मूठ मात्र फुगून चिरली आहे. ये एकदा. आल्यावर कपलिंगला फट मोजायचं गेज तू लाव. मी तिकडे तोंड करून उभा राहतो.

तुझाच,
पटाशीचोर