लैंगिक आजारांचे दवाखाने साथीतही उघडे राहिले पाहिजेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोविडच्या साथीचा लेखाजोखा मांडताना मृत्यू, ऑक्सिजनचा तुटवडा, लसीकरण आणि बुडालेले रोजगार यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्याच काळात सिफिलिस आणि गोनोरियासारख्या लैंगिक संसर्गांचे काय झाले, आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व तृतीयपंथी यांना त्याची काय किंमत मोजावी लागली, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. लैंगिक आजारांची तपासणी व उपचार करणाऱ्या शासकीय ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये मी अनेक वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे. पुढची साथ येण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधले जावे, या कळकळीने हे पत्र लिहीत आहे.

साथीपूर्वीची व्यवस्था परिपूर्ण नव्हती, पण ती चालत होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिससाठी रक्तचाचणी व्हावी, असा दंडक आहे. कामाठीपुरा असो, पुण्याची बुधवार पेठ असो की सांगलीचे गोकुळनगर, त्याच वस्तीतली एखादी स्त्री ‘पीअर’ म्हणून घरोघरी जाते, निरोध पोहोचवते, कोणाची तपासणी राहिली आहे हे लक्षात ठेवते आणि प्रसंगी हाताला धरून तिला दवाखान्यात आणते. तिथे लक्षणांनुसार ठरलेल्या रंगाचे औषधाचे पाकीट मिळते. स्रावाच्या तक्रारीला करड्या रंगाचे, जखमेला पांढऱ्या रंगाचे. दवाखान्याच्या पायरीवर संकोचणाऱ्या बाईला फार प्रश्न न विचारता औषध मिळावे, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत ही साखळी ठिकठिकाणी तुटली. डॉक्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ कोविडच्या कामाला लावले गेले, बाह्यरुग्ण विभाग बंद झाले किंवा नावापुरते उरले, आणि पीअर स्त्रियांना वस्तीबाहेर पडणे मुश्कील झाले. मुंबईत तर सर्वसामान्य प्रवाशांसाठी लोकल अनेक महिने बंद होती; स्त्रियांना ऑक्टोबर २०२० मध्ये ठराविक वेळांत प्रवासाची मुभा मिळाली, इतरांना फेब्रुवारी २०२१ मध्ये. ज्या स्त्रिया आपल्या राहत्या भागात कोणी ओळखू नये म्हणून मुद्दाम चार स्थानके दूरच्या दवाखान्यात जात, त्यांचा मार्गच त्यामुळे खुंटला.

सिफिलिसच्या बाबतीत हा खंड विशेष घातक ठरतो. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी जी जखम होते ती बहुधा दुखत नाही, स्त्रियांमध्ये ती अनेकदा दिसतही नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. रोग मात्र शरीरात तसाच राहतो. म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जखम येऊन गेली असेल, तर दवाखाना पुन्हा उघडेपर्यंत दाखवायला काही उरलेच नव्हते. निर्बंध सैल झाल्यावर आमच्याकडे आलेली एक स्त्री मला आठवते. तिच्या दोन्ही तळहातांवर तांबूस डाग होते. न खाजणारे, न दुखणारे. वस्तीत वाटलेल्या स्वस्त सॅनिटायझरने हात खराब झाले अशी तिची खात्री होती आणि औषधाच्या दुकानातून आणलेले मलम ती नेमाने लावत होती. डॉक्टरांनी तिला चप्पल काढायला सांगितली, तेव्हा तळपायांवरही तसेच डाग दिसले, आणि रक्तचाचणीने सिफिलिसची दुसरी अवस्था असल्याचे स्पष्ट झाले. तिने कसलीही हयगय केली नव्हती; तिला तपासणारे कोणी जागेवर नव्हते.

एचआयव्हीच्या बाबतीत शासनाने तत्परता दाखवली, हे मी आवर्जून नमूद करते. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांतून एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सूचना निघाली, जवळच्या केंद्रातून औषध घेण्याची मुभा मिळाली, आणि कार्यकर्त्यांनी ती औषधे लोकांच्या दारापर्यंत नेली. हे शक्य झाले, कारण त्या रुग्णांची नोंद होती आणि औषध बंद पडले तर काय होईल हे सर्वांना ठाऊक होते. सिफिलिसचा रुग्ण तपासणी होईपर्यंत कोणत्याच यादीत नसतो. त्याचे औषध, म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिन, इंजेक्शनच्या रूपात आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या हातूनच द्यावे लागते. ते पिशवीत घालून घरी पाठवता येत नाही. दवाखाना बंद झाला की निदान आणि उपचार दोन्ही एकदमच थांबतात. सिफिलिसच्या जखमेतून एचआयव्हीचा शिरकाव अधिक सहज होतो, हे ध्यानात घेतले तर एका आजाराची काळजी घेऊन दुसरा सोडून देणे किती महागात पडते हे कळेल.

टाळेबंदीच्या वर्षात नोंदलेले रुग्ण घटले म्हणून आजार घटला, असा निष्कर्ष काढण्याचा मोहही टाळायला हवा. अमेरिकेत २०२० मध्ये क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाच्या नोंदी आदल्या वर्षाच्या तुलनेत १३ टक्क्यांनी कमी झाल्या, तेव्हा तपासण्या कमी झाल्यामुळे हे घडले असावे, असे तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानेच सांगितले. क्लॅमिडिया बहुतेकदा लक्षणांविना असतो, त्यामुळे तपासले नाही तर तो सापडत नाही. त्याच वर्षी गोनोरियाच्या नोंदी मात्र १० टक्क्यांनी वाढल्या. पुढे २०२२ मध्ये त्या देशात आईकडून बाळाला झालेल्या सिफिलिसच्या ३,७०० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या. गरोदरपणात वेळेवर रक्तचाचणी आणि पेनिसिलिन मिळाले असते, तर यातील बहुसंख्य बाळे या आजारापासून वाचवता आली असती. आपल्याकडेही रक्तचाचण्या त्या काळात घटल्या, आणि त्या आकड्यांकडे अशाच सावधपणे पाहायला हवे.

या सगळ्याच्या मुळाशी भूक होती. पोट रिकामे आणि डोक्यावर घरवालीचे (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचे) किंवा सावकाराचे कर्ज असताना, निरोध न वापरण्यासाठी चार पैसे जास्त देऊ करणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे फार कठीण होते. म्हणूनच २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना कोरडा शिधा देण्याचे आदेश दिले, आणि महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये व शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये जाहीर केले, याला मी आरोग्यसेवेइतकेच मोल देते. लाभार्थी ओळखण्यासाठी एड्स नियंत्रण यंत्रणेकडच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या यंत्रणेमुळे या स्त्रिया शासनाला ठाऊक होत्या, तीच यंत्रणा साथीत सर्वांत आधी दुय्यम ठरवली गेली.

वस्त्या बंद करून रोग आटोक्यात येतो हा समजही सोडून द्यायला हवा. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना या देहविक्रयाच्या वस्तीची पोलिसांनी नाकाबंदी केली. अशा उपायाने देहविक्रय थांबत नाही. स्त्रिया पांगतात, फोनवरून आणि भाड्याच्या खोल्यांतून काम सुरू होते, आणि पीअरला त्यांचा पत्ता लागत नाही.

तेव्हा राज्याच्या साथनियंत्रण आराखड्यातच काही गोष्टी लेखी हव्यात. सुरक्षा क्लिनिकमधील निदान एक डॉक्टर आणि एक तंत्रज्ञ अन्य कामाला वळवला जाणार नाही. पीअर स्त्रियांना अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी मानून प्रवासाची परवानगी, मास्क आणि मानधन पहिल्या दिवसापासून मिळेल. शिध्याच्या पिशवीतच निरोध असतील. पेनिसिलिनचा साठा जिल्हास्तरावर राखला जाईल, आणि बोटातल्या थेंबभर रक्तावर होणारी सिफिलिसची चाचणी व इंजेक्शन यांसाठी ठराविक दिवशी पथक वस्तीत जाईल. ज्यांच्या तपासण्या २०२० आणि २०२१ मध्ये हुकल्या आणि नंतर ज्या कार्यक्रमातून गळाल्या, त्यांना जुन्या नोंदींवरून, गोपनीयता राखून शोधण्याचे काम मात्र आराखड्याची वाट न पाहता हाती घेता येईल. त्यासाठी लागणारी माणसे आणि वह्या आजही प्रत्येक प्रकल्पाच्या कार्यालयात आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समुपदेशक, पुणे