सैन्य परत आले, मागे कोण राहिले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात गुंतलेले सैन्य लढाई अर्धवट असताना परत आणावे की नाही, यावर आपल्या पत्रस्तंभात चांगलीच जुंपली आहे. व्हिएतनाम येऊन गेले, काबूल तर एकाआड एका पत्रात आहे. नवल याचे की आपणही असे सैन्य परत आणले आहे, आणि त्याची आठवण कोणालाच झाली नाही.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली ती तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घ्यायला. ऑक्टोबरात जाफन्यात ती त्याच बंडखोरांच्या लिट्टे या संघटनेशी लढत होती. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तिथे कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतलेच. मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी. जून १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी २९ जुलैपर्यंत चालते व्हा, असे जाहीरपणे सुनावले. प्रत्यक्षात शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली २४ मार्च १९९० ला. मद्रासला तिच्या स्वागतालाही मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

मासुंदा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमचे एक माजी सैनिक आहेत. हा विषय निघाला की ते उसळतात, ‘बाराशे जणांचं रक्त सांडून काम अर्धवट टाकलं!’ त्यांच्या दुःखापुढे मी बोलत नाही, पण युक्तिवाद मला पटत नाही. असा हिशेब मांडला तर प्रत्येक मृत जवान पुढच्याला पाठवण्याचे कारण ठरतो आणि खाते कधीच मिटत नाही. शिवाय १९८९ मध्ये करार पाळायचा होता कोणाला? प्रेमदासा आणि लिट्टे एकमेकांशी बोलणी करत होते. त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रेही पुरवली, हे नंतर उघड झाले. यजमानच दार दाखवतो तिथे आणखी वर्षभर थांबून काय साधले असते? परतलो ते बरोबरच केले.

चुकलो ते निघण्याच्या रीतीत. १९८८ च्या नोव्हेंबरात शांतिसेनेच्या पहाऱ्यात ईशान्य प्रांताची निवडणूक झाली आणि वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. आपण गेल्यावर त्यांचे सरकार टिकावे म्हणून घाईघाईने ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ उभी केली. तिच्यात भरती म्हणजे कोवळी पोरे बळजबरीने उचलून आणणे. आपल्या तुकड्या मागे सरकू लागल्या तशी लिट्टेने ती सेना मोडून काढली. पेरुमल यांना भारतात आसरा मिळाला. त्या पोरांना कोण विचारतो? जून १९९० मध्ये पेरुमल यांच्याच पक्षाचे नेते पद्मनाभ यांना लिट्टेने साथीदारांसह मद्रासमध्ये गोळ्या घालून मारले. त्याच महिन्यात श्रीलंकेतले युद्ध पुन्हा पेटले.

काबूलबद्दल लिहिणारे सगळे ऑगस्ट २०२१ मधली विमानतळावरची पळापळ सांगतात. मला फेब्रुवारी २०२० महत्त्वाचा वाटतो. दोह्यात अमेरिकेने तालिबानशी करार केला तेव्हा अफगाण सरकार त्या बैठकीत नव्हतेच. पुढे सैनिकांबरोबर अफगाण हवाई दलाची विमाने दुरुस्त करणारे कंत्राटी कामगारही निघून गेले. मग ती विमाने उडणार कशी? याउलट, सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ ला अफगाणिस्तानातून बाहेर पडले, तरी त्याच्या पाठिंब्यावरचे काबूलमधले नजीबुल्लांचे सरकार एप्रिल १९९२ पर्यंत तगले, कारण मॉस्कोहून शस्त्रे, इंधन आणि पैसा येत राहिला. सोव्हिएत संघ कोसळला, रसद तुटली आणि तेही गेले. नजीबुल्लांची राजवट चांगली होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण सैन्य काढून घेणे आणि पाठ फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या स्तंभातला वाद फक्त पहिलीवर चालला आहे. दुभाषे, स्थानिक पोलीस, आपल्या भरवशावर निवडणुकीला उभे राहिलेले लोक यांचे काय करणार, हे ठरवल्याशिवाय परतीची तारीख जाहीरच होऊ नये.

अफगाणिस्तानात आपले सैन्य नव्हते, म्हणून आपण यातून सुटतो असेही नाही. तिथे धरण आणि संसदेची इमारत आपण बांधून दिली, तरुणांना इथे शिकायला बोलावले. आणि काबूल पडल्यावर दहाच दिवसांत अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. इथल्या विद्यापीठांत नाव असलेले कित्येक विद्यार्थी त्यामुळे तिकडेच अडकले.

आपला,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)